सुभेदारांनी फॅट बत्तीस निवडली

सुभेदार नानासो फौजेतून पेन्शनीत आले आणि त्यांनी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ कॉम्प्युटर घेऊन टायपिंगचं दुकान टाकलं, तेव्हा आम्ही शेजारी गालातल्या गालात हसलो. माणूस शिस्तीचा, पण महाहट्टी. माऊसची वायरसुद्धा रोज संध्याकाळी गुंडाळून ठेवणार.

नव्याण्णव साली त्यांनी आपल्या गावच्या त्रेसष्ट फौजींचं पुस्तक काढायला घेतलं. प्रत्येकाचा फोटो आणि खाली चार ओळी. त्यातले सगळ्यात थोरले कोंडीबा शहाऐंशीचे, ब्रह्मदेशात लढून आलेले, आता अंथरुणाला टेकलेले. ते एवढंच म्हणाले होते, "नानासो, यात्रेतोवर छाप बाबा. फुडच्या यात्रंला मी हाय का न्हाई, कुणाला ठावं." तेव्हापासून नानासोंना जेवण गोड लागत नव्हतं.

छपाई सांगलीला, सुहासिनीबाईंच्या प्रेसमध्ये. फोटो फ्लॉपीत मावेनात, म्हणून हार्ड डिस्कच काढून न्यायचं ठरलं.

घोळ झाला तो त्याआधी. डिस्कवर फाइली मांडून ठेवायची रीत, म्हणजे फाइल सिस्टम, दोन प्रकारची होती: जुनी फॅट सोळा आणि नवी फॅट बत्तीस. जुनीत चार ओळींची फाइलही बत्तीस केबी जागा अडवून बसायची. हे कळल्यावर नानासो खवळले.

"आवं मास्तर, एका जवानाला आख्खी बराक? न्हाई चालायचं!"

"अहो, आधी सांगलीला विचारा तरी."

"त्यात काय इचारायचं? सोळापेक्षा बत्तीस मोठं हाय का न्हाई?"

आणि हा हिशेब तीस वर्षं गणित शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तरापुढे! पडद्यावर इशारा आला, की एकदा बदललं की पुन्हा जुनं करता येणार नाही. नानासोंनी तो मोठ्यानं वाचला आणि बटण दाबलं.

यात्रेला आठ दिवस होते. टॉवेलात गुंडाळलेली डिस्क मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं सांगली गाठली. सुहासिनीबाईंनी ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली. त्यांचं विंडोज पंच्याण्णवचं. त्यात डिस्क दिसेचना.

"काका, फॅट बत्तीस केलीत का?"

"व्हय. चांगली हाय म्हणून केली."

"चांगलीच आहे. पण माझ्या मशीनला वाचता येत नाही ना! कुठं वाचायची आहे, ते आधी बघायचं होतंत."

मी चार शब्द सुनावणारच होतो. पण नानासो खाली बघत पुटपुटले, "आता कोंडीबाला काय सांगू?" आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

तोडगा बाईंनीच काढला. तुमच्या कॉम्प्युटरचा डबाच घेऊन या, म्हणाल्या. तुमची डिस्क तुमचं मशीन वाचेल, दोन्ही मशीनं केबलनं जोडू आणि फाइली इकडे ओढून घेऊ. दुसऱ्या दिवशी डिस्क डब्यात परत बसवून नानासो एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका.

"टपावर तू बस! ह्यात त्रेसष्ट जवान हायती!"

भांडण कराडपर्यंत पुरलं. डबा खिडकीशी बसला आणि नानासो सांगलीपर्यंत त्याच्याशेजारी उभे राहिले.

यात्रेच्या आदल्या दिवशी पुस्तक हातात आलं. पहिली प्रत घेऊन आम्ही तडक कोंडीबांकडे गेलो. त्यांनी आपला तरुणपणचा फोटो बोटांनी चाचपला, हसले, मग खालच्या ओळींवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"ह्ये काय लिवलंय रं?"

त्यांना वाचता येत नाही, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानासोंनी पुस्तक घेतलं, सावधान उभे राहिले आणि त्या चार ओळी खड्या आवाजात वाचल्या.

कोंडीबांनी डोळे पुसले.

"आता धुळाचं वाच," ते म्हणाले. "लडाईत त्यो माज्या शेजारीच व्हता. तिकडंच ऱ्हायला."

नानासोंनी पान उलटलं.