भागीरथामायची चौकशी

देगलूरला खोली बघायला गेलो, तर भाडं राहिलं बाजूलाच. घरमालकीणबाईंनी पहिला प्रश्न टाकला, "दादा, उशिरा फुटणारा बॉम्ब कशाला करतेत?" मी दुष्काळी कामावरचा हजेरी कारकून. मला दिवाळीतला लक्ष्मी बॉम्ब सोडून दुसरा माहीत नव्हता.

ही भागीरथामाय. तिचा एकुलता एक नामदेव हवाई दलात होता. एकाहत्तरची लढाई संपली होती, पण पुन्हा लागली तर पोरावर काय काय पडेल, हे तिला आधीच समजून घ्यायचं होतं. स्टँडवर मिल्ट्रीची ट्रंक घेऊन कुणी उतरलं, की त्याला ती चहा पाजायची आणि पिळून काढायची. अक्षरओळख नव्हती, पण बॉम्बांच्या जाती तोंडपाठ. "एकाचे तुकडे उडतेत, तवा पालथं पडायचं. एक आग लावतंय, त्याला माती टाकायची. अन् एक जमिनीत घुसून गप बसतंय. त्याच्या जवळ जायाचंच न्हाई. पर ते गप काहून बसतंय, कुनीच सांगंना!"

आमच्या रस्त्याच्या कामावर ती टोपलीनं मुरूम वाहायची. सुरुंगाची शिट्टी झाली, की बाकीच्या बाया बांधाआड बसून गप्पा मारायच्या आणि ही धुळीत सपशेल पालथी, कानांवर हात. "माय, सुरुंग हाय, लढाई न्हाई!" बाया खिदळायच्या. ती लुगडं झटकत म्हणायची, "सवय करून राहिले." मलाही हसू आवरायचं नाही, पण तिच्याबद्दल फार माया वाटायची.

शेवटी नामदेव रजेवर आला. तो भाकरीला बसला नाही तोच हिनं त्याची परीक्षा सुरू केली. तो हसून म्हणाला, "माय, मला काय शिकवतीस? विमानाला बॉम्ब लावायचंच काम हाय माझं."

तिचा चेहरा उजळला. "मंग ते उशिरा फुटणारं कशाला, सांग!"

त्यानं बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "ही त्यांची विमानं उडायची पट्टी. आपण खड्डे पाडायचे. ते बुजवायला लोकं आली, की मंग हा फुटतो. पट्टी दुरुस्तच होत न्हाई." आपल्या कामाचा त्याला अभिमान होता.

"लोकं मंजे? मिल्ट्रीची?"

"मिल्ट्रीची असतेत. मजूरबी असतेत."

"टोपली घिऊन?"

दाराशी तिची टोपली उपडी पडली होती. नामदेवनं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हाव."

तिनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानंतर मात्र शिट्टी झाली की ती उभीच राहायची. मीच तिला ओढून बांधाआड न्यायचो.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी कचेरी उघडली आणि माझी तिकडं बदली झाली. भागीरथामाय स्टँडवर पोचवायला आली. खिडकीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी देत म्हणाली, "दादा, नवा जिल्हा हाय, मिल्ट्रीचं कुनी भेटंलच. त्या पट्टीवरच्या टोपलीवाल्यायला कुनी सांगितलं व्हतं का, लांब ऱ्हावा मनून? तेवढं इचारा."

आता ती नाही. लातुरात निवृत्त फौजी पुष्कळ भेटतात. मी विचारतो, आणि ते मला बॉम्बांच्या जाती सांगतात.