बिनकुलपाचं पुस्तक आणि हुबळीचे व्याही

आता हे सांगावं की गिळून टाकावं, अजून ठरत नाही बघा. पण चहा ओतलाच आहे, तर ऐका. एका कुलपापायी माझ्या लेकीचं, सईचं, ठरलेलं लग्न मी मळमड्डीतल्या आमच्या घराच्या फाटकाशी उभं राहून मोडत होतो. तेही आवाज चढवून!

त्याचं असं झालं. माझी अक्का. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. वाचनाचं भारी वेड, मराठी-कानडी दोन्ही. आता तिची दृष्टी गेली. तिच्याकडे बटणांचा एक प्लेयर आहे, पेन ड्राइव्ह लावला की बोलतो. बटणं बोटांना पाठ.

मी हौसेनं एक कानडी कादंबरी विकत घेतली, ऐकायची. तर काय? ती त्यांच्याच ॲपमध्ये वाजणार, माझ्याच फोनवर! प्लेयरमध्ये घालायला गेलो तर कुलूप. अहो, पैसे माझे आणि किल्ली त्यांच्याकडे? फोनच्या गुळगुळीत काचेवर अक्काचं बोट कुठं लागणार! ती एवढंच म्हणाली, "राहू दे रे बाळू. ऐकल्यासारखंच आहे." 

"कुलूप फोडून देतो की," असं सुभाष रोडवर एक मोबाइलवाला म्हणाला. पण लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन अक्काला काय ऐकवायचं? शोधत राहिलो. शेवटी एक छोटे कानडी प्रकाशक सापडले. बिनकुलपाची साधी फाइल विकतात, म्हणे. खात्री करायला फोन लावला, आणि नेमका त्या सकाळी, जेव्हा हुबळीचे व्याही साखरपुड्याचा मुहूर्त ठरवायला येणार होते.

घरात रेंज नाही. अंगणात आलो, फाटकाकडे पाठ. पलीकडच्याला ऐकू येईना. मी शाळेत भाषा शिकवलेला माणूस, स्पष्ट आणि खणखणीत बोलायची खोड. कानडीत कुलपाला म्हणतात बीग.

"बीग ब्याड्री!" मी ओरडलो. कुलूप नको हो!

"एनरी? केळसवल्दु!" ऐकू येत नाही म्हणे.

"बीग ब्याड! रोक्क बेकादष्ट तगोरी, आदर बीग ब्याड! बीग इद्र नम्मक्कगा भाळ त्रास!" पैसे हवे तेवढे घ्या, पण कुलूप नको. कुलूप असलं की आमच्या अक्काला फार त्रास!

मागं फाटक करकरलं. वळलो. व्याही! हातात फळांची पिशवी.

आता खरी गोम सांगतो. कानडीत बीग म्हणजे कुलूप, आणि बीग म्हणजे व्याहीसुद्धा! मानानं म्हणायचं तर बीगरु. मी तर नुसतं बीग म्हणत होतो, चक्क एकेरीत.

म्हणजे त्या भल्या माणसानं ऐकलं काय? "पैसे हवे तेवढे घ्या, पण हा व्याही नको!"

"बरतीवरी, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. येतो आम्ही. दारात सई पांढरीफटक.

मी धावलो. "अहो थांबा! तुम्ही नव्हे हो, पुस्तकाचा बीग!"

"पुस्तकाला व्याही असतात?"

देवा रे!  तेवढ्यात भिंत चाचपत अक्का बाहेर आली. छातीशी प्लेयर. तिनं कानडीत सगळं सांगितलं: हे माझ्यासाठी चाललंय, मला दिसत नाही, ह्या डब्यात बिनकुलपाचंच पुस्तक बसतं. व्याही ऐकत राहिले. मग चपला काढून ओसरीवर बसले, प्लेयर हातात घेऊन पाहिला. 

मग त्यांनी गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "हंगार मास्तर, बीग बेकोऽ, ब्याडो?" मग मास्तर, हवा की नको?

माझ्या डोक्यात अजून ते पुस्तकच!

"ब्याड, ब्याड!" मी दोन्ही हात हलवले. "अजिबात ब्याड!"

सईनं डोळे मिटले. आणि व्याही असे हसले, असे हसले, की पिशवीतली मोसंबी अंगणभर गडगडली. मुहूर्त ठरला एकदाचा.

पुस्तकही आलं, उघडं, मोकळं. त्या संध्याकाळी अक्कानं बटण दाबलं, आवाज सुरू झाला आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळू लागलं. मलाही राहवेना. भाग संपल्यावर मी विचारलं, "काय अक्का, आता कुठं कुलूप नाही ना?"

"नाही रे," तिनं डोळे पुसले. "पुस्तकाला नकोच होतं. तुझ्या तोंडाला हवं होतं."