लेकीच्या पायांचं वेळापत्रक

माझ्या पोटावर बेंबीच्या बाजूला दोन डाग आहेत. लहानपणी पोट फुगलं म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्यानं तापलेल्या विळ्यानं दिलेले. त्या डागांमुळेच मी वाचलो, असं आबा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत मानत. मी मानत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पुण्याहून बी.ए. होऊन परतल्यावर मी स्वतःशी एकच गोष्ट पक्की केली होती : माझ्या मुलाबाळांच्या अंगाला विळा लागू द्यायचा नाही.

ती वेळ लवकरच आली. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा. मी जळगावला मास्तर होतो. थोरली लेक भिंतीला धरून चालू लागली होती, तेवढ्यात ओट्यावरून खाली दगडावर पडली. ओठ फाटला. जखम भरली, पण पोर पुन्हा उभी राहीना. खाली ठेवली की पाय पोटाशी घ्यायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय दाबून, हलवून पाहिले. म्हणाले, पायात दोष नाही, भीती बसली आहे. पांगुळगाडा आणला, तर त्याला पाहूनच रडायची. शेवटी त्यावर तिची दुपटी वाळू लागली.

संक्रांतीला आबा भडगावकडच्या आमच्या गावाहून आले. नातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोर आजून चालत नई? आखाजीना पहिले गावले लई जासू. दोन डाग दिधा का पळत सुटी."

"आबा, पायले काई झायेल नई. तिले भेव वाटस."

"तुले बी असंच झायथं. डाग दिधा म्हनीसन कॉलेजमा गया तू!"

आबांचा शब्द मोडायची आमच्याकडे रीत नव्हती. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, वेळ होता, तेवढा मी मागून घेतला.

त्या संध्याकाळी दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं सात घरं आखली. हसू नका, मास्तराला दुसरं काय सुचणार? सोमवारी धान्य : सुपात ज्वारी, हरभरा, तूर मिसळायची, तिनं निवडून वाट्यांत टाकायची, एकेकाचं नाव घ्यायचं. मंगळवारी पाणी. बुधवारी गोधड्यांचा डोंगर. असं करत रविवारी कोरड्या नाल्यातली वाळू. प्रत्येक खेळात थोडं शिकणं आणि थोडं उठणं.

बायको धुळ्याची, बोलायला तिखट. दार बघून म्हणाली, "अहो, पोरगी दोन वर्षांची नाही झाली आणि तिला वेळापत्रक? घंटा कोण देणार, मी?"

"तूच."

"मग बाजाराच्या दिवशी सुट्टी. आणि मंगळवार पुसा. त्या दिवशी धुणं असतं, पोरगी भिजून सर्दी होईल ती वेगळीच." मी मंगळवारचं पाणी शुक्रवारी नेलं.

खाली मी एक नियमही लिहिला : या घरात कुणी 'पडशील' म्हणायचं नाही. हा नियम पाळणं सगळ्यांत कठीण गेलं. पोर जरा सरकली की बायकोच्या तोंडून तो शब्द निघायचाच. मी नुसतं दाराकडे बोट दाखवायचो. ती म्हणायची, "तोंड शिवून टाका माझं!" पण हळूहळू तिनं ती सवय मोडली, माझ्याआधी मोडली.

रविवारी नाल्यात मी पोरीचे पाय गुडघ्यापर्यंत वाळूत पुरायचो, म्हणजे ती उभी असायची आणि तिला ते कळायचं नाही. शेजारची अक्का एकदा तिथून जाताना थांबली. "मास्तर, कॉलेजमा हाईच शिकाडतस का?" मी म्हटलं, हो, हेच. सोमवारच्या वाट्या पाटावरून भिंतीतल्या देवळीत चढवल्या. पोर देवळीला धरून उठू लागली. हात मात्र सोडीना. शिमग्याच्या सुमारास गाडं अडलं ते तिथंच, आणि मीही मनातून घाबरलो. तरी सोमवार आला की सूप काढायचो.

अशात एका सकाळी आबांची बैलगाडी दाराशी आली. शेवटच्या वेचणीचा कापूस सरकी काढायच्या जिनात घालायला आणलेला, आणि आखाजीची वाट न बघता परतताना रिकाम्या गाडीतून नातीला डाग द्यायला न्यायचा त्यांचा बेत.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो दिवस बुधवार होता, गोधड्यांचा. मी पोरीला उचललं आणि गाडीतल्या कापसावर ठेवलं. लहानपणी गाडी भरताना आम्ही पोरं असाच कापूस खुंदायचो. पायांनी दाबत गेलं की गाडीत जास्त मावतो. मी चढून खुंदू लागलो. पोर पाहत राहिली. मग माझ्या धोतराला धरून उठली, एक पाय दाबला, दुसरा दाबला. कापसात बुडाली, हसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठताना धोतर धरलंच नाही.

आबा खाली उभे होते. त्यांचं तोंड उघडलं, "पड..." आणि आल्या आल्या त्यांना दारावरचा नियम सांगणारी सून दारातून त्यांच्याकडे बघतेय हे पाहून त्यांनी शब्द गिळला.

पोर दमेपर्यंत कुणी गाडी हलवली नाही. मग मी खाली उतरलो. "आबा, हिला मी डागू देणार नाही. आज नाही, आखाजीला नाही." आबांशी मी एरवी खानदेशीच बोलायचो, पण हे मी वर्गात बोलतो तसं बोललो.

आबांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "बरं," म्हणाले. "मंग आखाजीले पायी आन."

जमिनीवर ती लगेच चालली नाही. बरेच बुधवार गेले, दारावरचा खडू दोनदा गिरवावा लागला. पण आखाजीला आम्ही गावी गेलो, तेव्हा अंगणातून सणाला बांधलेल्या झोक्याकडे ती एकटी निघाली, वाकडी, हात पसरून. शेजारची म्हातारी ओरडली, "पडशी व माय!"

मी तोंड उघडण्याआधीच आबा तिच्यावर खेकसले, "गप बस! आमना घरमा तो शब्द चालस नई."