उरेब कापडाची भिरभिरी

ताईच्या मुलीच्या बारशाला गोधडी मीच शिवणार, असे मी जाहीर केले तेव्हा घरात पहिला प्रश्न कापडाचा निघाला. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. वापरून, धुऊन मऊ झालेलेच हवे. आईने आपली जुनी जांभळी सुती साडी काढून दिली. ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चांदवडहून आले तेव्हा पिशवीत त्यांच्या आईचे फिकट पिवळे पातळ होते. त्या माउली ताईचे लग्न झाल्यावर वर्षभरातच गेल्या. त्यांची बाकीची पातळे नात्यात वाटली गेली होती. एवढे एकच घरात उरले होते.

“हवं तसं काप,” दाजी म्हणाले, “फक्त वाया जाऊ देऊ नकोस.”

दाजी सहसा कोणाला काही सांगत नाहीत. म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसले.

मी पातळ उजेडासमोर धरून पाहिले. मधला भाग जाळीसारखा विरला होता. पदराकडचा आणि काठांजवळचा भाग मात्र शाबूत होता. बाळासाठी मी भिरभिऱ्यांची नक्षी योजली होती. एक जांभळा आणि एक पिवळा त्रिकोण जोडला की चौकोन होतो; असे चार चौकोन एकमेकांकडे तोंड फिरवून जोडले की भिरभिरे फिरू लागते. शाबूत कापडातून नऊ भिरभिरी निघणार होती. चुकायला जागा नव्हती.

त्रिकोण एकेक कापून जोडणे मला मान्य नव्हते. दिवसभर सातपूरच्या प्रयोगशाळेत काम, त्यानंतर पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी आणि बारसे आठवड्यावर आलेले. मी जलद पद्धतींचा शोध घेतला. पहिलीत दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकावर एक ठेवायचे, कर्णरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना टीप मारायची आणि रेषेवर कापायचे. दोन नग तयार. दुसरीत रेषा आखायचीच नाही. दोन्ही चौकोनांना चारी कडांनी टीप मारायची आणि मग दोन्ही कर्णांवर कापायचे. चार नग तयार. तिसरीत मोठे चौकोन घेऊन दोन्ही कर्णांच्या दोन्ही बाजूंना टिपा मारायच्या, मग कर्णांवर आणि मधोमध उभे-आडवे कापायचे, एकदम आठ. आखणी मात्र जास्त.

मी तिन्ही पद्धती आणून ठेवलेल्या कोऱ्या मांजरपाटावर करून पाहिल्या. वेळ मोजला, कोपरे तपासले. दुसरी निर्विवाद जिंकली.

“परीक्षा आहे का कसली?” ताईने खाटेवरून विचारले. बाळ तिच्या कुशीत झोपले होते.

“पद्धत निवडतेय.”

“तुझं होईस्तोवर पोरगी शाळेत जाईल.”

मी जांभळ्या-पिवळ्याची पहिली जोडी घेतली, चारी कडांनी टीप मारली, दोन सरळ काप दिले आणि चार नग हातात आले. क्षणभर मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मग ते चार जोडून मी पहिले भिरभिरे इस्त्रीखाली घातले आणि ते सपाट बसेना. कडा लाटा घेऊ लागल्या. दाबावे तसे ते आणखी पसरत होते.

आई ओट्यावर बाजारासाठी गुलछडीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वळवून पाहिले.

“भिरभिरं म्हणाली होतीस ना? हा तर नागलीचा पापड झाला, बाई.”

ताई इतकी हसली की बाळ दचकून जागे झाले. मला मात्र हसू येईना. दाजींच्या आईचे पातळ माझ्या हातात वाकडे झाले होते, आणि मी आणखी एक जोडी कापली असती तर नऊचा हिशेब तिथेच कोलमडला असता. कात्री खाली ठेवून मी विचार करायला बसले.

कारण लपलेले नव्हते. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यात ताणले जात नाही. तिरके ओढले की ताणले जाते. शिंपी त्या तिरक्या कापाला उरेब म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत शेवटचे काप कर्णांवर पडतात, म्हणून प्रत्येक नगाच्या बाहेरच्या कडा उरेब राहतात. मांजरपाट कोरा होता, गिरणीतली खळ त्याच्या धाग्यांत जशीच्या तशी होती, म्हणून तो ताठ राहिला. बाळासाठी मुद्दाम मऊ निवडलेले कापड चाचणीला मात्र मी घेतलेच नव्हते. तिसऱ्या पद्धतीत बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर येत होत्या. आखणीचा वेळ द्यावा लागणार होता, एवढेच.

“आई, हे कापड कडक करता येईल का? थोड्या वेळापुरतं?”

“कांजी घाल की. भात टाकलाच आहे, पेज काढून देते.”

“आणि शिवून झाल्यावर?”

“धुतलं की गेली. तुझ्या शाळेच्या ड्रेसला घालायचे, ती काय अजून अंगाला चिकटली आहे?”

पेज गाळून, पाणी घालून पातळ केली, त्यात दोन्ही कापडे बुडवली आणि गच्चीवर वाळवली. इस्त्री केल्यावर ती कागदासारखी कडकडीत झाली. आता बारा इंची चौकोन, दोन कर्ण, चार टिपा. पहिल्या जोडीचे आठ नग सुटे झाले आणि मी पट्टी लावून पाहिली: कडा सरळ, कोपरे काटकोनात. मी ओरडलेच. आईने हात पुसत येऊन ते खाटेवर मांडले, उलटसुलट फिरवून एक भिरभिरे केले, मग तेच त्रिकोण वळवून एक होडी केली. ताईला होडी आवडली. पाच मिनिटे आम्ही तिघी नुसत्या खेळत होतो.

चार जोड्यांतून आठ भिरभिरी निघाली. नववे म्हणजे तो पापड. त्यालाही कांजी दिली, इस्त्री दिली आणि लहरी कडा छाटून सरळ केल्या. ते इतरांहून लहान झाले, म्हणून त्याच्याभोवती मी पातळाच्या हिरव्या काठाची चौकट शिवली आणि ते मधोमध बसवले. खाली आईच्या साडीचे अस्तर घातले. धावदोरा आईने आणि मी समोरासमोर बसून घातला. ती माझे टाके मोठे आहेत म्हणत राहिली, मी तिचे वाकडे आहेत म्हणत राहिले. शेवटी गोधडी धुतली आणि कांजी खरोखरच गेली. ती हातात घेतली तर लोण्यासारखी मऊ होती आणि तरीही सपाट होती.

बारशाच्या दिवशी पाळण्याला शेवंतीच्या माळा होत्या, घुगऱ्या झाकून ठेवल्या होत्या, बायका जमल्या होत्या. मी गोधडी दाजींच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली आणि मधल्या लहान भिरभिऱ्याच्या हिरव्या चौकटीवरून बोट फिरवत नेले, चारी बाजूंनी.

“काठसुद्धा घेतलास,” ते म्हणाले.

“वाया काही गेलं नाही, दाजी.”

“आई असती तर तुला बोलणी नक्की बसली असती. चांगल्या पातळाच्या चिंध्या केल्या म्हणाली असती.” ते हसले. “आणि मग दिवसभर आळीत दाखवत फिरली असती.”

त्यांनी ताईकडून मुलीला घेतले, गोधडीत गुंडाळले आणि छातीशी धरले. पाळण्याभोवतीच्या बायका गाणे सुरू करायला थांबल्या होत्या.

“अहो, घाला की आता पाळण्यात,” ताई म्हणाली. “सगळ्या खोळंबल्यात.”

“घालतो,” दाजी म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. “थांबा जरा.”