उधाणाच्या दुपारी बांधावर अनवाणी

पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पुरुषाने नजरेस पडू नये. पडला की त्याला स्टुलावर चढवून पंखे पुसायला लावतात. म्हणून फाल्गुनातल्या अमावास्येला, रविवारी सकाळी साडेसहाला, मी पायांत बूट, खांद्याला झोळी आणि चेहऱ्यावर शैक्षणिक गांभीर्य चढवून जाहीर केलं, "मी उधाण बघायला चाललोय. विषयाची गरज आहे."

"तेवीस वर्षं नव्हती ती गरज?" हातातलं फडकं न थांबवता बायको म्हणाली.

वार वर्मी बसला. भिवंडीच्या शाळेत मी तेवीस वर्षं भूगोल शिकवतोय. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत मांडतो, बाण काढतो आणि पाण्याला फुगवतो. पण खाडी? ती मी पाहिली होती पुलावरून, बसच्या खिडकीतून, नाकाला रुमाल लावून. अखेर आमच्या शाळेतला क्लार्क नारायण पाटील एकदा म्हणाला, "सर, ते बाण पुरे झाले. आईकडे आगरावर या." आगर म्हणजे मिठागर. खाडीकाठच्या त्याच्या गावात आता तेवढं एकच उरलंय, आणि ते त्याची आई गोमाबाय चालवते.

मानकोलीपर्यंत बस मिळाली. नाक्यावर कंटेनरची रांग इतकी लांब, की मागचा ड्रायव्हर बहुधा आदल्या दिवशी आलेला असावा. एका रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं.

"उधर क्या है, सर? पानी और मच्छर."

"पानीच बघायचंय."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बिसलेरी लेके जाओ. आज धूप पागल है." आणि लगेच चोख मराठीत, "डोक्याला काहीतरी बांधा, नाहीतर मलाच परत न्यायला यावं लागेल."

दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. निळे पत्रे, पांढरे पत्रे, प्रत्येक गेटवर खुर्ची आणि खुर्चीत पेंगणारा वॉचमन. मग एका वळणावर शेवटचं गोदाम संपलं, डांबर संपलं, आणि एकदम आभाळ सुरू झालं. मी रिक्षातून उतरलो आणि उभाच राहिलो. समोर मैलभर ओला, तपकिरी, चकाकणारा चिखल. त्यातून सापासारखी नागमोडी पाण्याची एकच रेघ. पलीकडे तिवरांची (खारफुटीची) गर्द हिरवी भिंत. चिखलावर बगळे असे उभे, की कुणी तरी त्यांना जागा नेमून दिली असावी. आणि या सगळ्याच्या कडेने पुरुषभर उंच मातीचा बांध, डावीकडून उजवीकडे, नजर पोचेल तिथवर.

त्या बांधाच्या आतल्या बाजूची जमीन मी पाहिली आणि माझ्यातला मास्तर चमकला. ती बाहेरच्या चिखलाहून फारशी उंच नव्हती. म्हणजे भरतीला खाडी आत राहणाऱ्या माणसांच्या डोक्यावर उभी राहणार, आणि मध्ये फक्त हा मातीचा ढिगारा. सिमेंट नाही, दगड नाही. हाताने थापलेली माती.

नारायणने फोनवर सांगितलं होतं, "बांध धरून सरळ या, उंचवट्यावर झोपडी दिसेल." मी निघालो. साडेआठलाच ऊन टाळूवर टिचक्या मारत होतं. चालता चालता बांधाच्या कडेला एक सुरेख काठी रोवलेली दिसली. सरळ, सडसडीत, वरच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. अशा काठीवाचून प्रवासी म्हणजे मुकुटावाचून राजा! मी ती उपटली. चिंधी सोडून घाम पुसला आणि खिशात कोंबली. मग काठी टेकत, बगळ्यांकडे उदारपणे पाहत, मी एखाद्या सुभेदाराच्या थाटात आगरावर दाखल झालो.

गोमाबाय सत्तरीची असेल. काळी, काटक, नऊवारी गुडघ्यांपर्यंत आवळलेली. माझं स्वागत तिने माझ्या पायांकडे बघून केलं.

"बूट काढ, मास्तर. बांद हाय तो, सडक न्हाय. टाचंनं माती उकरते."

आगरी माणूस सगळ्यांना अरे-तुरे करतो, देवालाही. मी बूट मुकाट काढून झोपडीत ठेवले, काठी जळणाच्या ढिगाला टेकवली आणि तिने दिलेल्या जुन्या स्लिपर पायांत सरकवल्या.

मग मी मीठ पिकताना पाहिलं. पिकताना हाच शब्द तिथे वापरतात. चौकोनी वाफ्यांत वीतभर पाणी, त्यावर सायीसारखा पापुद्रा. गोमाबाय लांब दांड्याच्या फळीने तो ओढायची आणि फळीपुढे करकर आवाज करत पांढरे खडे गोळा व्हायचे. काठावर मिठाच्या राशी. ऊन त्यांच्यावर आदळून असं उलटं येत होतं, की माझी हनुवटी खालून भाजली. "पाडव्यानंतर गाडी लागंल," ती म्हणाली. "चार महिन्यांचं हाय ह्ये. गोड पानी लागलं तरी जातं, खाडी चढली तरी जातं. दोन्ही पान्यांचं वैर हाय याच्याशी."

साडेदहाला तिने फळी उलटी ठेवली. काम बंद. मला सावलीत बसवून तिने अचानक माझ्या मानेला हात लावला.

"घाम हाय. बरं हाय."

"नसता तर?"

"घाम हाय तवर मानूस हाय. ऊन लागलेला मानूस आदी सुका व्हतो, मंग बरलतो. सुका दिसला का त्याला इचारायचं न्हाय, उचलून सावलीला आनायचा."

तिने तांदळाची पेज वाटीत ओतली आणि त्याच आगरातल्या मिठाचा खडा त्यात टाकला. पेज पोटात गेली आणि डोळ्यांपुढचं सगळं पुन्हा जागेवर बसलं. शासनाचा उष्णतेचा इशारा मोबाइलवर सकाळीच आला होता. तो मी वाचून पुसला होता. हा इशारा पुसता येण्यासारखा नव्हता.

नारायण बांधावरून परतला, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला, बगलेत सात-आठ काठ्या. त्या त्याने जळणावर टाकल्या आणि जेवायला बसला. तांदळाची भाकरी, जवळ्याची (बारीक सुक्या कोळंबीची) चटणी, वर कच्च्या कैरीच्या फोडी. मी घड्याळ पाहिलं आणि विद्वत्ता उघडली. "तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ. आज तिथी पंधरावी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती होऊन गेली की! खाडी तर अजून अर्धीच आहे. उधाण म्हणतात ते हेच?" वडिलांनी पाऊणकी पाठ करून घेतली होती, ती आज फळाला आली असं मला वाटलं.

गोमाबायला हसताना ठसका लागला. "तुजा सव्वाअकरा दर्याचा! आमच्याकरं यायला चालावं लागतं त्याला. एक वाजंल." मग तिने बोट वर धरलं. "आन वारा बग. पच्छिमेचा धरलाय. पान्याला मागनं ढकलतो आज."

"भोकं सगळी बुजली ना?" तिने मुलाला विचारलं.

"सगळी. एक काठी उभी नाही."

"कसली काठी?" मी विचारलं. तोंडात भाकरी होती.

नारायणने समजावलं. चिंबोऱ्या (खेकडे) बांध पोखरतात. उधाणाच्या दिवशी आई पहाटे सगळा बांध चालते आणि जिथे भोक दिसेल तिथे काठी रोवते. मग तो चिखल आणि पेंढा घेऊन निघतो. भोक बुजवलं की काठी काढायची. "काठी उभी म्हणजे भोक उघडं. काठी नाही म्हणजे काम झालं. आजोबांपासून हेच. बोलावं लागत नाही, लिहावं लागत नाही."

माझ्या खिशातली चिंधी एकदम गरम झाली.

आता इथे मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी आणखी अर्धी भाकरी खाल्ली. मनाशी म्हणालो, एवढ्या मोठ्या बांधात एक भोक, खेकड्याचं, ते काय! तेवढ्यात बाहेर नजर गेली. मघाचा मैलभर चिखल नाहीसा झाला होता. बगळे नव्हते. तिवरांची खोडं बुडून नुसते शेंडे पाण्यावर तरंगत होते, आणि पाणी आवाज न करता, घाई न दाखवता, बांधाकडे सरकत होतं. समोर चार महिन्यांच्या मिठाच्या राशी.

मी चिंधी काढून भाकरीच्या टोपल्याशेजारी ठेवली. "बाय, एक काठी मी काढली."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. गोमाबायने चिंधीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "कुठनं?"

"बांधावरून."

"बांद यवढा हाय!" नारायण ताडकन उठला. पहिल्यांदाच तो माझ्यापुढे आईच्या बोलीत बोलला. "सर, कुठनं? काय व्हतं समोर? झार, दगुड, काय?"

भूगोलाचा मास्तर आठवू लागला. बगळे होते. ऊन होतं. मी होतो. इतर काहीच आठवेना! त्या वेळी मी सुभेदार होतो आणि सुभेदार खाली बघत नाहीत.

"बाहेरनं आता दिसनार न्हाय," गोमाबाय म्हणाली. "बुडलं त्ये. आतल्या अंगानं शोदायचं. पाझर लागला असंल तिथं माती गार लागंल." तिने स्वतःचा तळपाय वर करून दाखवला. वाळलेल्या चिखलासारखा भेगाळलेला. "माजं पाय दगुड झालं, गार-ऊन कलत न्हाय. नाऱ्याचंबी तसंच. तुजं पाय कवलं हायत. काढ सपाता. चाल."

वाचकहो, साडेबाराचं ऊन, फाल्गुनाची अखेर, आणि तव्यासारखा तापलेला मातीचा उतार. मी पहिलं पाऊल टाकलं आणि तोंडातून जो सूर निघाला तो कुठल्याही रागात बसत नाही. दुसऱ्याला उडी. तिसऱ्याला गिरकी. मागून गोमाबाय, "नाचू नको, टेकव! पुरा पाय टेकव!" नारायण खांद्यावर पेंढ्याचा भारा आणि हातात चिखलाचं घमेलं घेऊन माझ्याबरोबर पळतोय. डावीकडे, माझ्या छातीच्या उंचीवर, बांधाच्या पलीकडे खाडी. ती मला दिसत नव्हती, ऐकू येत होती. मांजर ताटली चाटते तसा आवाज.

किती चाललो कुणास ठाऊक. तळव्यांची आग मस्तकात गेली होती. आणि मग डावा पाय टेकला आणि सगळं अंग शहारलं. गार. माठाच्या बुडासारखं गार.

"इथे!" मी किंचाळलो.

वाकून पाहिलं तर मातीवर तळहाताएवढा काळा ओलावा. बघता बघता त्याच्या मधोमध एक बुडबुडा आला, मातीचं ढेकूळ गळून पडलं आणि मनगटाएवढी धार सुटली. वाफ्यांच्या दिशेने.

"बस!" गोमाबाय गरजली.

"कुठे?"

"त्याच्यावर! येवढा मोठा देवानं दिलाय तुला त्यो कशाला?"

मी बसलो. उताराला पाठ लावून, पाय रोवून, सगळं शैक्षणिक गांभीर्य त्या धारेवर टेकवून बसलो. नारायण बांध ओलांडून बाहेरच्या पाण्यात उतरला. छातीभर पाण्यात तो हाताने चाचपत होता. "ओढतंय! हाताला ओढतंय, सापडलं!" पेंढ्यात चिखल गुंडाळून त्याने बोळा आत ठासला, मग दुसरा, मग तिसरा. आतून गोमाबाय माझ्या दोन्ही बाजूंनी मूठमूठ माती थापत होती, माणूस आणि बांध असा भेद न करता. हळूहळू पाठीमागची धार रेटायची थांबली.

"ऊठ आता. पन अल्लद."

मी उठून बांधावर चढलो आणि पाहिलं. वितीभर खाली खाडी. चिखल नाही, तिवर नाही, नुसतं पाणी, काठोकाठ, पार पलीकडच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत, आणि त्यावर दुपारचं ऊन पसरलेलं. वारा होता तरी ते पाणी जड दिसत होतं, श्वास रोखून उभं राहिल्यासारखं. तीन माणसं त्याच्यासमोर उभी होती. तेवीस वर्षं ज्याला मी खडूने फुगवत आलो, ते हे होतं. एक तिवराचं पान आमच्या पुढ्यात पाण्यावर थांबलं होतं. ते किती तरी वेळ तिथेच राहिलं. मग किंचित वळलं आणि खाडीच्या तोंडाकडे निघालं.

"फिरलं पानी," गोमाबाय म्हणाली आणि उरलेली भाकरी झाकून ठेवायला निघून गेली.

संध्याकाळी रिक्षा तीच मिळाली. माझा अवतार बघून त्याने सीटवर वर्तमानपत्र अंथरलं. "देख लिया पानी?"

"पाण्याने मला बघितलं," मी म्हणालो. गोदामांमधून जाताना पत्र्यांच्या भिंती, कंटेनर, खुर्चीतले वॉचमन सगळं सकाळसारखंच होतं. तो बांध इथपर्यंतची जमीन राखतो, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? मलाही सकाळपर्यंत नव्हतं. घरी पंखे पुसून झाले होते. बायकोने माझ्या तळव्यांवरचे फोड पाहिले, साजूक तूप आणलं आणि सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मीठ वाचलं ना त्यांचं?"

वाचलं. पाडव्यानंतर गाडी लागली आणि निम्मं मीठ गेलं. निम्मं अजून पिकत होतं.

चैत्री पौर्णिमेच्या, म्हणजे पुढच्या उधाणाच्या, आदल्या दिवशी नारायणने रजेचा अर्ज टाकला आणि माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. "आईने निरोप दिलाय. मास्तरला म्हणावं, पायांना घट्टे पडू देऊ नको. पाय लागले तर बोलावू."

दुसऱ्या दिवशी मी वार्षिक परीक्षेच्या वर्गावर होतो. बाहेर ऊन पांढरं झालेलं, आत नुसता पेनांचा आवाज. मोबाइल ऑफिसच्या खणात जमा. साडेबारा वाजले, पावणेएक वाजला. मी खिडकीशी उभा राहून झाडांची पानं कुठल्या दिशेला हलतायत ते बघत होतो. पश्चिमेचाच होता वारा. एका मुलीने पुरवणी मागितली, ती तिला दोनदा मागावी लागली.

पेपर गोळा केले, मोजले, बांधले आणि खण उघडला. नारायणचा दीड वाजताचा मेसेज होता. दोनच शब्द.

"पाणी फिरलं."