खंडूची घोंगडी

वीस बाजूंचा फासा आमच्याकडे नव्हता, म्हणून सुधीरनं चिंचोक्यांवर एक ते वीस आकडे रंगवले आणि पत्र्याच्या डब्यात घालून आणले. चिंचोका काढण्याआधी तो डबा कानाशी धरून हलवायचा. "लई बोलायलेत आज," म्हणायचा.

रविवारी दुपारी बीडमधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही चौघं खेळायला बसायचो. मी राक्षस-जादूगारांची गोष्ट रचत जायचो, बाकीचे एकेक पात्र होऊन तीत उतरायचे. सुधीर लिंबागणेशकडचा, घरी मेंढरं. त्याचं पात्र म्हणजे खंडू, मेंढपाळ योद्धा. पात्राच्या कागदावर 'घरी कोण?' हा रकाना त्यानंच घालायला लावला. मेंढरांमागं गेलेला माणूस रानातच वारला, तर सोबत्यानं त्याची घोंगडी घरी पोचवायची, ही त्यांच्याकडची रीत. "मरण सांगाया मानूस लागतो बे. न्हाईतर घरचं वाट बघत ऱ्हातं," तो म्हणायचा. खेळातही कुणाचं पात्र मेलं, की त्याची घोंगडी पोचल्याशिवाय तो कुणाला उठू द्यायचा नाही.

खंडूच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'आई. रतन, जोडीदार.'

"रतन बाई हाय का गडी?" एकानं विचारलं.

"गडी," सुधीर म्हणाला आणि डबा हलवला. दोघं फिदीफिदी हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. तेव्हा मला तो माझा मोठेपणा वाटला.

एका रविवारी सुधीरच्या हाती एकचा, म्हणजे सगळ्यांत वाईट चिंचोका आला आणि खंडू मेला. घोंगडी कुणाकडे न्यायची, हे मी सांगायचं होतं. दोघं डोळे मिचकावत माझ्याकडे बघत होते. मला लाज वाटली. घोंगडी आईच्या हातात देऊन मी मोकळा झालो.

"रतनला कुनी सांगितलं?" सुधीरनं विचारलं.

"सोड की बे. खेळच हाय."

"तुला खेळ हाय." त्यानं खंडूचा कागद घडी घालून डब्यात ठेवला. डबा तिथंच राहिला. सुधीर पुन्हा खेळायला आला नाही.

महिन्याभरानं त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. आम्ही तिघं मातीला गेलो, त्याच्या आईच्या पाया पडलो आणि परत आलो.

पंधरा दिवसांनी सिरसाळ्याचा एक माणूस दुकानात आला. झेरॉक्स नको होती.

"दादा, सुधीर फोन उचलंना झालाय. कावून रुसलाय, काय कळंना. तुमच्याकडं खेळाया येतो म्हनायचा. तितं माजं नाव घरच्यांत लिवलंय म्हनायचा."

"तुमचं नाव?"

"रतन."

मी त्याला स्टुलावर बसवलं. घोंगडी माझ्याकडे नव्हती. डबा होता, तो त्याच्या हातात दिला आणि मग सांगितलं.  त्यानं डबा कानाशी धरला.

तो डबा आता सिरसाळ्याला असतो. तरी रविवारी दुपारी दुकानात चिंचोके हलल्याचा आवाज येतो. मी वळून बघतो.