चार पेनं आणि देवाची सहाण

तेव्हा मी बनारसच्या एका मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत होते. स्वातंत्र्याला दहा-पंधरा वर्षं झाली असतील. घरात मराठी, गल्लीत बनारसी, शाळेत शुद्ध हिंदी. सकाळी नळाचं पाणी भरायचं, मग स्वयंपाक, मग शाळा, मग वह्या, मग पुन्हा पाणी. दमणूक इतकी रोजची होती की ती वेगळी जाणवायची नाही.

एक दिवस बड्या बहिनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून एक निळी पेटी पुढे सरकवली. शाई, पेन्सिली, कंपासपेट्या करणारी एक जुनी कंपनी होती. तिची शाईची बाटली घराघरात असे. त्या कंपनीने आता फाउंटन पेनांचे चार नवे नमुने काढले होते. कंपनीचा माणूस पेटी ठेवून गेला होता. पंधरवड्याने येतो, तोवर कुणा अध्यापिकेने वापरून आपलं मत सांगावं, असा निरोप होता. बाकीच्या बायांनी आधी विचारलं होतं, की पेनं परत द्यावी लागतील का? मी विचारलं नाही, म्हणून पेटी माझ्याकडे आली. मला मात्र वाटलं की माझी विद्वत्ता अखेर कुणाच्या तरी लक्षात आली. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेले. पेनं घरी होती, आणि न्यायाधीश नटून शाळेत.

पेटी घरी नेण्याचं खरं कारण मामंजी होते, माझे सासरे. घाटामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. महाराष्ट्रातून श्राद्धाला येणाऱ्या यजमानांचे विधी त्यांनी जन्मभर चालवले. त्यांच्या गुरुजींनी हाताने लिहिलेली एक प्रयोगाची पोथी होती, कुठल्या विधीत काय, कशानंतर काय, हे सगळं तीत होतं. कसरीने ती खाऊन चाळणी केली होती. मामंजी तिची नवी प्रत करत होते, बोरूने, पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी. अर्धी झाली होती आणि त्यांचा हात कापायला लागला.

त्या कापण्याची एक गंमत होती. गंमत म्हणते आहे, त्यांना ती गंमत नव्हती. कागदावर टेकला की हात बराच स्थिर असायचा. तो कापायचा हवेत, दौतीपासून कागदापर्यंतच्या वाटेवर. बोरू बुडवायचा, निथळायचा, आणायचा, आणि पोचता पोचता थेंब नको तिथे. मग पान टाकून द्यायचं. दिवसाला एक पान होईना. हात पुरता जायच्या आत पोथी पुरी व्हायला हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते बोलून दाखवत नसत, पण टाकलेली पानं मी चुलीत घालत होते, त्यामुळे मला ठाऊक होतं. ज्याला बुडवावं लागत नाही असं लिहिण्याचं साधन माझ्या हाती आलं होतं, आणि तेही चार तऱ्हांचं.

अडलं ते शाईवर. बाटलीतली शाई पोथीला चालायची नाही. तिच्यात काय असतं कोण जाणे, असं मामंजी म्हणाले. पोथीची शाई ते स्वतः सोवळ्यात करत, दिव्याची काजळी आणि डिंक खलून. ठीक आहे, म्हटलं. मी पदवीधर बाई. चारही पेनं एकाच शाईने तपासली म्हणजे निवाडा कसा निःपक्षपाती होईल, असा शास्त्रशुद्ध विचार केला आणि चारही पेनांत ती डिंकाची शाई भरली. संध्याकाळी चारही झोकात चालली. मी प्रत्येकाने एकेक ओळ लिहिलीसुद्धा. सकाळी चारही मुकी.

झटकली, ठोकली, निबा कागदावर घासल्या. मग रागाने बसून मत लिहिलं. काय हिंदी होती ती. 'सर्वथा अनुपयुक्त' काय, 'छात्राओं के भविष्य से खिलवाड़' काय. डिंक घालून पेनं मी बंद पाडली होती आणि देशाचं भवितव्य कंपनीने धोक्यात आणलं होतं. यजमान, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत कारकून. त्याने ते वाचलं, दौतीत बोट बुडवलं, दोन बोटं एकमेकांना चिकटवून मला दाखवली आणि चहा मागितला.

पुढचे चार-पाच दिवस शाळेतून आले की मी पेनं धूत बसायची. कोमट पाणी, सुटी केलेली निब, जुन्या साडीची चिंधी. आधीच पाणी दुर्मिळ, त्यात जाऊबाई विचारायच्या, तुमची बाळं न्हाली का? शेवटी तीन पेनं जिवंत झाली. चौथं गेलं ते गेलंच.

बाटलीचा प्रश्न मामंजींनीच सोडवला. एका सकाळी ते अहिल्याबाई घाटावरून स्नान करून आले, लोटीतल्या गंगेचे चार थेंब बाटलीत सोडले, झाकण लावलं आणि म्हणाले, "झाली शुद्ध." मी एवढं बी.ए. करून मला हे सुचलं नव्हतं.

मग ते लिहायला बसले. मी वह्या तपासण्याचं सोंग करत पाहत होते. हात टेकला, ओळ सरळ गेली, थेंब पडला नाही. मला वाटलं, जिंकलो. त्यांनी ओळ पुरी केली आणि पेन खाली ठेवलं. अक्षरं सगळी तारेसारखी, सारख्या जाडीची. बोरूचं तोंड तिरकं कापलेलं असतं, म्हणून काना जाड येतो आणि वेलांटी वर जाता जाता बारीक होते. पेनाची निब गोल टोकाची. ती सगळ्यांना एकाच मापाने वाढत होती.

"एकादशी केलेली दिसतात," मामंजी म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं आणि ओळीकडे पाहत राहिले. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं की ते पोथी सोडून देणार.

थोड्या वेळाने ते उठले, देवघरात गेले आणि गंध उगाळायची सहाण घेऊन आले. ती माझ्यापुढे ठेवली.

"तिरकी घास."

"मामंजी, ही देवाची सहाण आहे."

"देव पोथी उतरवायला बसणार आहे का? घास तू."

ज्या माणसाच्या सोवळ्यापायी मी दहा वर्षं ओल्या लुगड्यात स्वयंपाक केला, तो माणूस देवाची सहाण पोलादाच्या निबेखाली देत होता. वाद घालायला त्राण नव्हतं. मी घासली. पहिली निब जास्त घासली गेली, ती कागद फाडायला लागली. दुसरी जमली. दुसऱ्या दिवशी देवाच्या कपाळी लागलेलं गंध जरा काळपट होतं. जाऊबाईंनी विचारलं तेव्हा मामंजींनी चंदनाला दोष दिला.

त्या दिवसापासून पानं होऊ लागली. आणि मी मोजत होते की आता पेटीत धड पेन एकच उरलं आहे. कंपनीचा माणूस येणार, पेनं मागणार, आणि घासलेलं पेन जर त्याने नेलं तर पोथी पुन्हा दौतीपाशी येऊन थांबणार. मी भाषण तयार केलं. नागरी लिपी, तिचा बोरू, परकीय निब, असं बरंच काही होतं त्यात. मुलींना शिकवताना मध्येच ते मनात म्हणून पाहायची.

तो शाळेत आला तेव्हा उन्हातून आला होता. वयस्क, घामेजलेला, हातात चामडी पिशवी. पाणी प्यायला आणि खुर्चीत टेकला. मी पेटी उघडून भाषण सुरू केलं. एक बंद, एक कागद फाडणारं, एक सासऱ्यांकडे. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, प्रभावित झाला. भाषण संपल्यावर त्याने डोळे उघडले.

"बहिनजी, ये तो चौक में बिक रहे हैं," तो म्हणाला. "होली के पहले से."

निवाडा कुणालाच नको होता. जाहिरातीत छापायला काशीच्या एका अध्यापिकेचं एक चांगलं वाक्य हवं होतं, आणि त्याला संध्याकाळच्या गाडीने पुढच्या गावी जायचं होतं. मी विचारलं, पेनं? तो म्हणाला, ठेवा, कोण नेतो ओझं. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला विचारलं, काय वाक्य हवं? त्याने सांगितलं, मी मान डोलावली. पेन लोण्यासारखं चालतं, असं काहीतरी होतं. नागरी लिपीच्या गौरवाचं त्यात नावही नव्हतं.

मामंजींनी पोथी थंडीत पुरी केली. शेवटच्या पानाच्या दिवशी मी शाळेतून आले तर ते खाटेवर स्वस्थ बसले होते. पानं दोन फळ्यांमध्ये बांधून दोरी गुंडाळलेली. मी नमस्कार केला. आता काहीतरी मोठं बोलतील म्हणून थांबले.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

माझ्या खांद्यावरची वह्यांची पिशवीही उतरली नव्हती. रात्री चुडा-मटर, म्हणजे इकडचे मटारपोहे, करायचं होतं आणि मटाराची टोपली कोपऱ्यात तशीच पडली होती. मी ती आणि एक परात उचलून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक शेंग उचलली. हवेत हात कापला, शेंग फुटली, अर्धे दाणे परातीत, अर्धे खाटेखाली. दुसरी उचलली. मी पदर खोचला, खाटेखाली शिरले आणि दाणे वेचायला लागले. वरून ते सांगत होते, की भिंतीच्या बाजूलाही गेलेत गं.